ओल किती खोल

पारनेरच्या पठारावर पाऊस मिलिमीटरमध्ये कुणी मोजत नाही. पाऊस उघडला की खुरप्यानं शेताच्या कडेला उकरायचं आणि बघायचं, ओल चार बोटं गेली की वीतभर. चार बोटं असली तर दम धरायचा, वीतभर असली तर पाभर बाहेर काढायची. आजी हेच करायची, आई अजून करते. त्या घरातून मी राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात मृदशास्त्रात एम.एस्सी. करायला गेले. तिथे ऑगरनं थराथरातली माती काढायला शिकले. तिचं वजन करायचं, ओव्हनमध्ये 105 अंशांवर वाळवायची, पुन्हा वजन करायचं. जमिनीच्या पोटात किती पाणी शिल्लक आहे, हाच प्रश्न दोन्हीकडे. आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पण पाणी जास्त झालं तर काय होतं, हे मात्र मला राहुरीनंच शिकवलं.

आपला नगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा आणि पाण्याच्या बाबतीत सगळ्यात विषम म्हणावा असा. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. पारनेर, कर्जत, जामखेडकडे पाचशेच्या आसपास आला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. रतनगडाच्या पोटातून निघालेली प्रवरा भंडारदऱ्याला अडवली, ते धरण 1926 साली पुरं झालं आणि तिचे पाट संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाकडे पसरले. पुढे बारागाव नांदूरला मुळा नदीवर धरण झालं. पाटापाठोपाठ ऊस आला, उसापाठोपाठ कारखाने. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला सहकारी साखर कारखाना 1950चा. चैत्रात काठोकाठ वाहणारा पाट मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आमच्याकडे चैत्रात आया-बहिणी हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात.

संशोधनासाठी नमुने घ्यायला ज्या शेतात गेले, ते अशाच एका पाटाखालचं, सखल भागातलं. मालकांना सगळे तात्या म्हणत. बांधावर ऊस चांगला पुरुषभर, आणि मधोमध मोठा पट्टा रिकामा. तिथे जमिनीवर पांढरी खपली आलेली, काही ठिकाणी काळपट, तेलकट डाग. वाळलेल्या भागावर कुदळ मारली तर उसळी घेत होती. चार पावलांवर ओल्या भागात पाय ठेवला, तर माती साबणासारखी पायाखालून निसटली. तात्या म्हणाले, "ताई, पाणी नव्हतं तवा इथं बाजरी पिकायची, हरभरा पिकायचा. पाणी आलं, वीस वर्षं ऊस काढला. आता गवतसुद्धा धरत नाही."

मी तिथे गुडघ्यावर बसून राहिले. पारनेरच्या पोरीला पाण्यानं रान जातं हे पटायला वेळ लागला.

कसं जातं, ते मग प्रयोगशाळेत उलगडत गेलं. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे कण एकत्र राहतात, मध्ये पोकळी राहते, पाणी खाली मुरतं, मुळांना हवा मिळते. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त दिलं आणि निचऱ्याला वाट ठेवली नाही, की भूजल वर चढतं. वर आलेलं पाणी उन्हानं उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. त्यात सोडियम वाढला की तो कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो. मग कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, आणि वर तळं साचलेलं असताना हातभर खाली पिकाची मुळं तहानेनं मरतात. अशी जमीन चोपण झाली म्हणतात. सामू साडेआठच्या वर आणि कणांवरचा सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेला, की आमच्या वहीत तिची नोंद तशी होते. तात्यांच्या त्या पट्ट्याचे दोन्ही आकडे या रेषेच्या बरेच वर होते.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते ग्रंथालयातलं एक दुपारचं वाचन. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे या जोडीनं 1910 सालीच लिहून ठेवलेलं आहे. बसू आणि सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याबरोबर आपल्या प्रवरा कालव्यांखालच्या मातीचा अभ्यास करून तो 1938 साली छापला. म्हणजे आमच्या तात्यांनी ऊस लावायच्या कितीतरी आधी ही माती कागदावर आलेली होती. तिचे थर, तिच्यातला चुना, तिचा निचरा, सगळं. ते कागद पुण्या-मुंबईच्या कपाटांत राहिले आणि पाट शेतात आला. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जायची, घेतलेल्या पाण्यावर नाही. मग पाण्याची पाळी आली की रान तुडुंब भरून घ्यायचं, हे ओघानं आलंच. मी याचा दोष शेतकऱ्याला देणार नाही. ज्याच्या आज्यानं 1972 आणि त्याआधीचे दुष्काळ बघितले, त्यानं पाटाला आलेलं पाणी सोडून द्यावं, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लोकांचा समज असतो की ते कोरडं. मला ते कधी तसं वाटलं नाही. सेंद्रिय कर्ब काढायचा तर ग्रॅमभर माती चंचुपात्रात घ्यायची, त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण, मग गंधकाम्ल. पात्र हाताला चटका बसेल इतकं तापतं. अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं, दर्शक घालायचा, की द्रावण गर्द जांभळं होतं. मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचं. जांभळं निळसर होतं आणि एका थेंबाला सगळं लख्ख हिरवं. वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत 1934ची. अजून आमच्याकडे तीच चालते. जितके थेंब जास्त लागले, तितका मातीत कर्ब कमी. पारनेरहून मी आमच्या रानातली माती पिशवीत आणली होती. तिला थेंब फार लागले. शेण जळणाला आणि धाटं गुरांना गेली, रानात परत काही गेलं नाही, हे घरातलं गणित त्या हिरव्या रंगात स्पष्ट दिसत होतं.

मातीचा छेद घेतला तेव्हा खड्ड्यात उतरून भिंत चाकूनं खरवडायची असते. वर काळा थर, खाली फुगण्या-आकसण्यानं एकमेकांवर घासून चकाकलेले पापुद्रे, त्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम. आम्लाचा थेंब टाकला की चुना फसफसतो. संगमनेरजवळच्या जोर्व्याला आणि प्रवरेकाठच्या दायमाबादला तीन हजार वर्षांपूर्वीही लोक याच गाळाच्या आणि काळ्या मातीवर पेरत होते. एवढ्या पिढ्यांना पुरलेली माती तात्यांच्या हयातीत गेली, हे त्या खड्ड्यात उभं राहून सोसत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला मात्र मी उलटा धडा बघितला. हिवरे बाजारला पाऊसमान कमी, तरी विहिरींना पाणी. तिथले पोपटराव पवार एम.कॉम. झालेले; त्यांनी गावाला पाण्याचा जमाखर्च मांडायला लावला. पाऊस किती झाला त्यावर ग्रामसभेत पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून नव्वदच्या दशकात माथा ते पायथा काम झालं. आधी डोंगरावर चर, झाडं, चराईबंदी. बंधारा सगळ्यात शेवटी. आजकाल फोटोसाठी नाला आधी खोल करतात आणि माथा उघडाच ठेवतात, ते मला मुळीच मान्य नाही. उघड्या माथ्यावरची माती पहिल्या दोन पावसांत त्या खोल नाल्यात येऊन बसते.

तात्यांच्या रानाला इलाज होता. आधी निचऱ्याचे चर, मग जिप्सम, मग भरपूर गोडं पाणी देऊन सोडियम खाली धुऊन काढायचा, पुढच्या पावसाळ्यात धैंचा पेरून गाडायचा, कारखान्याची मळी घालायची. निचरा न करता नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. हे मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं, कागदावर मराठीत लिहून दिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे आधी कुणी का सांगितलं नाही, ताई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपले प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, बांधले जातात, कपाटात जातात. 2015पासून जमीन आरोग्य पत्रिका घरोघरी आली, त्यात 12 घटकांचे आकडे असतात. पण आकड्यापुढे बसून तो समजावून देणारं माणूस गावात क्वचित असतं. राहुरीला आज जी मुलं-मुली माती-पाणी शिकताहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: ज्या रानातून नमुना उचललात, तिथे परत जा आणि निकाल मालकाला त्याच्या भाषेत सांगा. आणि पाटाखालच्या शेतकरी बांधवांना हात जोडून विनंती, यंदा उसाची लागण करण्याआधी रानातलं जादा पाणी कुठून बाहेर पडणार, ते आधी ठरवा.