जिवंत माणसाचे भूत

मेलेल्या माणसाचे भूत होते, याचे मला फारसे नवल वाटत नाही. बिचाऱ्याला दुसरे काय उरलेले असते? नवल वाटते ते जिवंत माणसांच्या भुतांचे. माणूस घरी खुशाल चहा पीत बसलेला आणि त्याचे रूप भलतीकडेच कुणाला तरी दिसते!

युरोपात अशा भुतांना तोटा नव्हता. आयर्लंडात त्याला 'फेच' म्हणत. ते सकाळी दिसले तर दीर्घायुष्य, संध्याकाळी दिसले तर मरण जवळ! इंग्लंडात २४ एप्रिलला, म्हणजे सेंट मार्कच्या सणाच्या आदल्या रात्री, काही धीट मंडळी अकरा ते एक चर्चच्या देवडीत बसत. वर्षभरात गावातली जी माणसे जायची, त्यांच्या छाया आत शिरताना दिसतात अशी समजूत. मला भीती वाटते ती त्या छायांची नव्हे, दुसऱ्या दिवशी गावात हिंडणाऱ्या त्या जागल्याची. जो तो त्याच्या तोंडाकडे पाहत असेल, 'आपण तर नव्हतो ना त्या रांगेत?'

पुढे शिकलेल्या लोकांनी हे प्रकरण हाती घेतले. १८८२ साली लंडनात 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' निघाली. तिच्या गर्नी, मायर्स आणि पॉडमोर या तिघांनी १८८६ साली दोन जाडजूड खंडांत अशा सुमारे सातशे हकिकती छापल्या. दूरदेशीचा माणूस संकटात असताना घरच्यांना त्याचे रूप दिसले, अशा त्यांतल्या कितीतरी. पण खरा ठरलेला भास माणूस जन्मभर सांगतो. खोटा ठरलेला त्याच संध्याकाळी विसरतो. हिशेब जुळायचा कसा?

मला आवडते ते नॉर्वेतले 'वार्डोगर'. माणूस घरी पोचण्याआधीच त्याची पावले वाजतात, दार वाजते. पाहावे तर कुणी नाही. थोड्या वेळाने तो खराच येतो. मरणाबिरणाची भाषाच नाही. आपण नाही का, नाव काढताच कुणी दारात उभा राहिला की 'शंभर वर्षे आयुष्य आहे तुला' म्हणत?

आमच्या चाळीत हे भूत रोज येई. जिन्यावर कुणी नसताना आई म्हणे, "आले वाटतं," आणि चहाचे आधण ठेवी. वडील कधी दहा मिनिटांनी येत, कधी तासाने. आधण आटे, ती पुन्हा पाणी घाली. पण आपला अंदाज चुकला, असे तिने कधी कबूल केले नाही.

वडील गेल्यावर मात्र तिला ती पावले पुन्हा ऐकू आली नाहीत. मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कशी येतील? यायला निघालेलं माणूस तर हवं!"