मुक्याने आलेली गौर

फीत सुरू झाली की आधी चित्र येत नाही, आधी आवाज येतो. बोलण्याचा नव्हे, बोलणं सुरू होण्याआधीचा. यंत्र कॅसेट आत ओढून घेतं, खट्ट होतं, फीत बाहेर खेचली जाते, फिरत्या ड्रमला बिलगते, आणि मग एक मंद, सलग खरखर खोलीभर पसरत जाते. निळा पडदा थरथरतो, दोन-चार पांढऱ्या रेघा वरून खाली सरकतात, आणि अजून काहीच दिसलेलं नसताना त्या खरखरीवरूनच मला कळतं, की आता आपलं कोकणातलं अंगण येणार. कसं कळतं, कोण जाणे. पण कळतं.

१९९१ सालच्या गणपतीत काका मस्कतहून आले ते खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेऊन. त्या पाच दिवसांत त्यांनी घरातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. मखर, समया, केळीच्या पानावरचे मोदक, ओटीवर पालथे झोपलेले आम्ही, पागोळ्यांखाली मांडलेली तपेली. एकटी आजी तेवढी त्यांना सापडली नाही. कॅमेरा तिच्याकडे वळला, की ती पदर सावरत दाराआड व्हायची. "माझं कसलं काढतोस रे, देवाचं काढ," एवढंच ऐकू येतं. तीन तासांच्या त्या फितीत आजीचा चेहरा असा नाहीच. एकदा पाठ आहे, एकदा वाती वळणारे हात आहेत. आवाज मात्र जिथं-तिथं आहे. दूध उतू गेल्याचा आहे, कुणाला तरी हाका मारण्याचा आहे, उगाचच "हो हो, आल्ये" म्हणण्याचा आहे.

मग कितीतरी पावसाळे ती कॅसेट माजघरातल्या लोखंडी कपाटात राहिली. फितीवरचा तो तपकिरी लेप लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. आणि आमच्याकडची हवा अशी, की दाराची कडीसुद्धा दर वर्षी थोडी थोडी संपत जाते. कॅसेट हातात आली तेव्हा खिडकीतून आतल्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसत होती, आणि तिला वास होता तो पावसात न वाळलेल्या गोधडीचा.

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या खाली या फितींवरून डिस्क करून देणारे एक गृहस्थ बसतात. एके काळी ते लग्नांचं शूटिंग करत. त्यांनी कॅसेटचे पाच स्क्रू सोडवले, दोन्ही गुंडाळ्या अलगद उचलल्या, आणि काम करता करता हळू आवाजात मला सांगत राहिले. चित्र फितीवर तिरप्या पट्ट्यांनी लिहिलेलं असतं. ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि एकेका फेऱ्यात दोन पट्ट्या वाचतो. आवाज मात्र तसा नाही. अर्ध्या इंचाच्या फितीच्या अगदी वरच्या काठाने, जेमतेम १ मिलिमीटरच्या वाटेवरून तो सरळ चालत जातो. सेकंदाला अडीच सेंटिमीटरही नाही, इतका सावकाश. खरखर येते ती त्यामुळेच. काठ खराब झाला, की चित्र शाबूत राहूनही आवाज जाऊ शकतो. ते ऐकताना माझ्या घशात काहीतरी आलं. आमची आजी सगळीच्या सगळी त्या काठावर होती.

काठ वाचला होता.

तीन तासांची फीत उतरायला तीन तासच लागतात. मला ते फार बरं वाटलं. घाई करताच येत नाही अशी कामं आता उरलीत किती? व्हीसीआर बनवणं तर जगात संपलंच; जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये ते थांबवलं, तेव्हापासून हे गृहस्थ एका यंत्राचे भाग काढून दुसरं जगवतात. त्या जगवलेल्या यंत्रासमोर मी बसून राहिले. बाहेर रिक्षा, स्कूटर, दुपार, आत भाद्रपद.

आणि मग गौर आली. आमच्याकडे खड्यांची गौर. विहिरीकाठून सात खडे घेऊन यायचं, आणि आणणारीने तोंडात पाणी धरून, एक अक्षर न बोलता घरापर्यंत चालायचं. त्या वर्षी आत्या होती. गाल फुगलेले, डोळे खाली, हातात ताम्हन, मागे आम्ही मुली, आणि कुणीच बोलत नाही. त्या कॅमेऱ्यांची एक रीत होती, भोवती शांत झालं की ते आपला कान आपोआप मोठा करत. जितकं कमी ऐकू येईल, तितकं जास्त ओढून घ्यायला बघत. त्यामुळे त्या मुक्या वाटेवर खरखर एकदम भरून येते. चढत जाते. पाखाडीवरची पावलं, कुणाच्या तरी बांगड्या, कौलांवरून ओघळणारं पाणी, आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी काहीतरी, ज्याला मला नाव देता येत नव्हतं. अख्खं घर, त्या दिवशी जसं श्वास घेत होतं तसं.

"ही मागची खरखर काढून देऊ?" गृहस्थांनी विचारलं. "संगणकावर होतं. आवाज स्वच्छ येईल."

नको म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. खरखर काढायची म्हणजे ती कुठं थांबते आणि पाऊस कुठं सुरू होतो ते कुणीतरी ठरवायचं, आणि ते ठरवायला तिथं कोणी नव्हतं. एका डिस्कवर ४.७ जीबीच मावतं, म्हणून फीत कुठंतरी तोडावी मात्र लागली. विसर्जनाच्या आधी तोडा म्हणून सांगितलं.

दिवाळीला डिस्का घेऊन आत्याकडे गेले. आता तिला कमी दिसतं. टीव्हीसमोर अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. गौरीची वाट आली तशी तिने डोळे मिटलेच. "मोठा कर आवाज," म्हणाली. मी केला. खरखर खोलीत मावेना.

"पऱ्ह्याला पाणी आलंय बघ," ती म्हणाली. "तो रहाट खालच्या घरचा. आपला कुरकुरायचा नाही." थोडं थांबली. "आणि ते थप थप ऐकतेस ना? आई भाकऱ्या थापत्येय. गौरीच्या नैवेद्याच्या." मला मघापर्यंत जो नुसता तळाचा नाद वाटत होता, त्यातून ते थापणं वेगळं झालं, एकदा कानात बसल्यावर मग दुसरं काही ऐकूच येईना. "मला तेव्हाच सांगायचं होतं दादाला," आत्या म्हणाली, "की इकडे कशाला, तिकडे चुलीपाशी जा, तिचं काढ. पण तोंडात पाणी होतं ना गो."

उंबऱ्यापाशी घंटा वाजली, आणि पडद्यावरच्या आत्याने तुळशीत चूळ टाकली. "मागे घे," आत्या म्हणाली. "विहिरीपासून लाव परत. अजून एक कोणतरी खोकलं मध्ये, ते बाबा असतील."