पत्त्याचा मागचा अर्धा

परवा शहापूरच्या घरी नवा राउटर बसवला. म्हणजे नातवाने बसवला. मी फक्त चष्मा लावून डब्याखालच्या स्टिकरवरची बारा अक्षरं वाचून दाखवली. मॅक ॲड्रेस म्हणे, कारखान्यातूनच चिकटलेला.

मास्तरकीची खोड, विचारत बसलो. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. पुढचे ६४ बिट कुठल्या जाळ्यात आहात ते सांगतात, मागचे ६४ ही यंत्राची स्वतःची ओळख, इंटरफेस आयडेंटिफायर. ती मॅकवरून बनवायची एक जुनी रीत आहे. समजा ००-११-२२-३३-४४-५५. बरोब्बर मधोमध एफएफ-एफई घुसवायचं, पहिल्या जोडीतला सातवा बिट उलटा करायचा, ०० चे ०२ होतात. उत्तर ०२११:२२एफएफ:एफई३३:४४५५. कागदावर दोनदा करून पाहिलं. पाचवीच्या गणितापेक्षा अवघड नाही हो!

"पण मोबाइलला हे नको, आजोबा," नातू म्हणाला. "शहापूरला असा की मुरबाडला, मागचा अर्धा तोच. कुणीही माग काढेल." म्हणून २००१ पासून बदलत्या, मनमानी आकड्यांची सोय झाली. राउटरला मात्र त्याने हाताने साधा '१' दिला. तो सगळ्यांना सापडायला हवा, आणि उद्या डबा बदलला तरी पत्ता तोच राहावा.

मला मुरबाडकडची शाळा आठवली. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जायची. तिसरीत एक मुलगी होती, पाढे घडाघडा म्हणायची. पावसाळ्यात आईबाप परतले, ती नाही. "मावशीकडं ठेवलीय." मी भट्ट्यांजवळच्या दोन शाळांत जाऊन हजेऱ्या चाळल्या. पण नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं, जन्मतारीख सगळ्यांचीच १ जून. कशावरून ओळखायची? २०१५ मध्ये 'सरल' आलं, मुलांना क्रमांक मिळाले. तोवर मी निवृत्त.

नातवाला म्हटलं, तिला तुझ्या त्या मॅकसारखा एक आकडा असता तर सापडली असती रे.

तो वायर लावता लावता म्हणाला, "आणि तो आकडा उचल दिलेल्या भट्टीमालकाकडे असता तर, आजोबा? तिच्या घरचे पळून जायचे झाले असते तर?"

मला उत्तर सुचलं नाही. इतक्या वर्षांत ही बाजू मनात आली नव्हती, हे खरं.

हिरवा दिवा लागला, तो जेवायला उठला. मुलीचं नाव मला अजून पाठ आहे. इथे लिहीत नाही.