बालाघाटातला दर्या

घाटनांदूरच्या स्थानकावर परळीकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहता पाहता बालाघाटाच्या टेकड्यांवर आम्ही एक टिपण लिहिले होते. एका स्मरणिकेसाठी ते संकेतस्थळावरील चौकटीत भरावयाचे होते. टिपणात 'दऱ्या' हा शब्द पाच वेळा आला होता. मजकूर चौकटीत उतरवून आम्ही पुढच्या रकान्याकडे वळलो, आणि मागे पाहतो तो पाचही ठिकाणी 'दर्या'! ज्या मुलखात उन्हाळ्यात घागरभर पाण्याची भ्रांत, तेथे आमच्या हातून समुद्र उसळला होता.

हा टंकदोष नव्हता. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. टिंबाच्या 'ऱ'चा पाय मोडावा, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्यांस न दिसणारे एक चिन्ह, ठेवावे. आमचा कळफलक दुसरी रीत पाळणारा. चौकटीमागच्या आज्ञावलीने मजकूर 'स्वच्छ' करताना जे दिसत नाही ते कचरा समजून झाडून टाकले. जोडक गेला, आणि निराधार र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला. याच न्यायाने आचाऱ्यास दिलेली बिदागी आचार्यास पोचते. (आचार्यांची तक्रार नसावी.)

टिपणाच्या शेवटी आम्ही रचलेली एक ओवीही होती. तिचे चारही चरण एका ओळीत येऊन आखूड चौथा चरण ओळखू येईनासा झाला. वेगळी सूचना नसेल तर न्याहाळक कितीही मोकळ्या जागा आणि ओळी एकाच जागेत गोळा करून दाखवतो. तो त्याचा धर्मच आहे. पण आमच्याच तालुक्यात, अंबाजोगाईस, दासोपंतांनी (१५५१–१६१५) 'पंचीकरण' कापडाच्या पासोडीवर लिहिले. ओळ कोठे मोडावी, जागा कोठे सोडावी, हे तेथे लिहिणाराच ठरवतो.

उपाय अवघड नाही. लिहिणाऱ्याने जसे लिहिले तसेच साठवावे; घातक काही असेल ते दाखवण्याच्या वेळी निष्प्रभ करावे; शोधासाठी साधी प्रत हवी तर ती निराळी ठेवावी. आम्ही हे संपादकांस कळवले. त्यांनी आम्हांस ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेण्यास सुचवले.

स्मरणिका छापून आली तेव्हा मुद्रितशोधकाने तीन दर्ये आटवले होते, दोन उरले. परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी आवर्जून कळवले की, दुष्काळी डोंगरांत समुद्र पाहण्याची आमची कल्पना त्यांस फार भावली. आम्ही आभार मानले.