केरीची फेरीबोट आणि गाडीची चावी

मी बेळगावचा, बँकेतून निवृत्त, वय ७४. गेल्या जानेवारीत मुलगा, सून, नातू आणि आम्ही दोघं उत्तर गोव्याला गेलो. गाडी अर्थात माझ्याच हातात. चोर्ला घाटातून इतकी वर्षं येतोय-जातोय, पण स्टिअरिंग कुणाला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवोलीचा पूल ओलांडून मोरजी, मांद्रे, हरमल करत केरीला पोचलो. पुढे तेरेखोल नदी. गाडी फेरीबोटीवर चढवायची होती. बोटीवरचा माणूस "या, या" म्हणून हात हलवतोय आणि मला कडेचा अंदाजच येईना. ब्रेकवरचा पाय थरथरायला लागला. मागून हॉर्न सुरू. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, द्या की, मी चढवतो." रागातच उतरलो. नदी पार होईपर्यंत कुणाशी बोललो नाही.

पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्यावर नातवाला सांगितलं, १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता.

"मग पोर्तुगीज गेले?"

"छे, ते गेले १९६१ ला."

"बाप रे! सोडायला एवढा वेळ?"

सगळे हसले. मला मात्र ते लागलं.

परतताना चावी मुलाच्या हातात दिली आणि गुपचूप डावीकडे जाऊन बसलो. कुणी काही बोललं नाही. आमच्या हिने मागून फक्त विचारलं, "पट्टा लावलात ना?"

आमच्या वयाच्या मंडळींनो, तुम्ही चावी कधी दिलीत? जरूर लिहा.