दावं

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये पत्ता सांगताना निम्मं जग फिरून होतं. झेन, मेडिटरेनियन, कॅक्टस, मोगल अशी इथल्या भागांची नावं. मराठे असून आम्ही मोगलांत राहतो, यावर कराडच्या मैत्रिणी अजून हसतात.

आमच्या इमारतीसमोर सहा वर्षं नवऱ्याची यामाहा एफजेआर उभी असायची. १२९८ सीसीचं इंजिन, २५ लिटरची टाकी, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. हिला साखळी नाही, शाफ्टवर चाक फिरतं, हे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकावं लागे.

नोव्हेंबर ते मार्च हा आमचा हंगाम. पहाटे पाचला थर्मासमध्ये चहा आणि डब्यात धपाटे घेऊन निघायचं. कधी हत्ता, कधी रास अल खैमाचा जबल जैस. १९३४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ तीनशे मीटरने उंच! रस्ता अगदी माथ्यापर्यंत जात नाही, पण जातो तिथेही गार वारा कानाला झोंबतो. शाळेत भूगोल शिकवताना ‘वाळवंटी प्रदेश’ फळ्यावर पिवळ्या खडूने रंगवणारी मी, तिथले करडे डोंगर पाहून ओशाळले होते.

या मार्चमध्ये आबा, माझे सासरे, कायमचे इकडे आले. त्यांचा विमा, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या. घरातली मोटार नवऱ्याबरोबर ऑफिसला जाते. मला आबांना न्यायला एक जुनी का होईना, दुसरी मोटार हवी होती. बाइक विकायचं ठरलं. नवरा काही बोलला नाही, फक्त दोन रविवार तिला पुसत बसला.

शारजाहून एक मल्याळी तरुण आला. मी सर्व्हिसिंगच्या बिलांची फाईल पुढे ठेवली. प्रत्येक कागदावर तारीख आणि किलोमीटर, मास्तरणीची सवय! नवऱ्याने डावी पेटी काढून खालचा ओरखडा आपणहून दाखवला. उभी गाडी एकदा कलंडली होती. मुलगा म्हणाला, “हे मला दिसलंच नसतं.” त्यानंतर त्याने घासाघीस केली नाही. तपासणी पार पडली, त्याच्या नावाचा विमा झाला, नवी मुल्किया निघाली.

किल्ली देताना आबा काठी टेकत खाली आले.

“दावं नगं दिऊस,” ते म्हणाले.

गावाकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. नवऱ्याच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी आबांनी बैलजोडी विकली, त्याची दोन दावी गोठ्यात खुंटीला आहेत. लग्नानंतर साफसफाई करताना “ही टाकून देऊ का?” असं मीच विचारलं होतं. तेव्हा आबा नुसतेच “ऱ्हाऊ दे” म्हणाले होते.

नवऱ्याने किल्लीची चामडी दोरी सोडवली, मोकळी किल्ली त्या मुलाच्या हातावर ठेवली आणि पटकन वर निघून गेला.

ती दोरी आता माझ्या जुन्या मोटारीच्या किल्लीला आहे. दसऱ्याला जबल अलीच्या मंदिरात जाऊन आलो. २०२२च्या दसऱ्याला ते सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा आम्ही बाइकवरून गेलो होतो. यंदा मोटारीला झेंडूचा हार, आणि पुढच्या सीटवर आबा.

“त्या तुमच्या डोंगरावर ही चढंल का गं?” त्यांनी विचारलं.

“चढेल, आबा. नोव्हेंबर लागू द्या.”