उसातली, सड्यावरची, डोहातली

१.
चाळकेवाडीचा सडा, एप्रिल. गवत वाळून गेलेले, जांभा तापलेला. एक सरडा दगडावर चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो : निळा, काळा, नारिंगी. मिटतो. पुन्हा उघडतो. पलीकडच्या दगडावरून दुसरा तसेच उत्तर देतो. मादीसाठी आणि हद्दीसाठी चाललेले हे बोलणे आवाजाशिवाय होते. याचे शास्त्रीय नाव सारडा सुपर्बा. २०१६ साली त्याची नोंद झाली ती याच सड्यावरून.

२.
तिथेच दगडांखाली एक पाल राहते. भिंतीवर नाही, झाडावर नाही, जमिनीवर. हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस, नोंद २००८ ची. सड्यावर दगड उलथून पाहणाऱ्याने तो होता तसाच, त्याच जागी परत ठेवावा. खालची सावली आणि ओल एवढेच तिचे घर.

३.
चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. पाती फिरतात तिथे शिकारी पक्षी कमी येतात. पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आहेत. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत. पण अंगाने ते रोड आहेत आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला आहे.

वीज स्वच्छ आहे. रंग फिका आहे. दोन्ही खरे.

४.
महाबळेश्वरला येणारे स्ट्रॉबेरी खातात, पॉइंट बघतात. डोक्यावरच्या फांद्यांतून शेकरू जाते तेव्हा मान वर केलेली माणसे थोडीच असतात. राज्यप्राणी आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांची झेप सहज घेते, जमिनीवर क्वचितच उतरते. म्हणजे मधले एक झाड पडले की तिचा रस्ताच तुटतो.

५.
पिसोरी. कोयना-चांदोलीच्या रानात राहते, रात्री हिंडते. उंची जेमतेम फूटभर, वजन तीन किलोच्या आसपास. पाय पेन्सिलीसारखे, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. हरीण म्हणतात, पण हरणांच्या कुळातली नाही. शिंगे नसतात, नराचे सुळे मात्र लांब असतात.

व्हिएतनाममध्ये तिची एक दूरची नातलग आहे, रुपेरी पाठीची. जवळपास तीस वर्षे तिचा पत्ता नव्हता. २०१९ मध्ये लपवलेल्या कॅमेऱ्यांत तिची छायाचित्रे मिळाल्याचे जाहीर झाले आणि जगभर बातमी झाली. आपली पिसोरी हरवलेली नाही, म्हणून तिची बातमी नाही.

६.
चांदोलीच्या जंगलात झोळंबीसारख्या जागी पूर्वी गाव होते. आता तिथे गवे चरतात. उठून गेलेल्या कुटुंबांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. पिसोरीचे कौतुक करताना ही ओळ गाळू नये.

७.
१९६३ : कोयनेच्या परिसरातल्या एका छोट्या भेकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. नावातच कोयना आहे. कोयना धरणाच्या शिवसागरात पाणी साठू लागून तेव्हा फार काळ झाला नव्हता. धरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

८.
खवले मांजराला दात नसतात. मुंग्या आणि वाळवी लांब जिभेने टिपते. पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरते. धोका वाटला की आई पिल्लाला पोटाशी घेऊन अंगाचा गोळा करते. तो गोळा बिबट्यालाही सहजी उघडत नाही. माणसाला उघडावा लागत नाही, पोत्यात घालून नेता येतो.

२०१६ साली जोहान्सबर्गला भरलेल्या वन्यजीव-व्यापारावरच्या परिषदेत खवले मांजराच्या तेव्हा माहीत असलेल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचे ठरले. खवले म्हणजे आपल्या नखांत असते तेच केराटिन.

९.
सागरेश्वर : उघड्या डोंगरांवर माणसांनी झाडे लावून उभे केलेले अभयारण्य, १०.८७ चौरस किलोमीटर. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे.

माण, खटाव, जतचे माळ : इथे खोकड राहते. मोठे कान, शेपटीचे टोक काळे. उंदीर, टोळ, बोरे खाते. पिल्ले बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतात. तिला उघडा माळच लागतो. तिथे दाट झाडे लावणे म्हणजे तिला बेघर करणे. सरकारी कागदावर मात्र अशी जमीन ‘पडीक’.

१०.
भिलवडी, औदुंबर, कृष्णेचा काठ. मगरीची मादी वाळूत अंडी घालते. नर होणार की मादी हे अंड्यांना मिळालेल्या उबेवर ठरते. आतून पिल्लांचा आवाज आला की ती वाळू उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात सोडते. याच नदीत मगरीच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. पाणवठ्यावर उतरणाऱ्या बाईला जबड्यातल्या पिल्लांचे कौतुक सांगण्याआधी सुरक्षित घाट बांधून द्यावा.

११.
आग्नेय आशियातले स्लो लोरिस. कोणी गुदगुल्या केल्या की हात वर करते, असे व्हिडिओ लाखोंनी पाहिले. हात वर होतात भीतीने. कोपराजवळच्या ग्रंथीतले विष तोंडाशी आणण्याची ती तयारी असते. बाजारात विकण्याआधी त्याचे दात तोडतात. ते व्हिडिओ पुढे पाठवू नयेत.

१२.
वाघाटी. जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली, तरी वजन एक ते दीड किलो. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. कऱ्हाड-वाळव्याकडे ती उसात विते : गारवा, आडोसा, उंदीर, सगळे तिथेच.

१३.
फड तुटत आला की पाचटात पिल्ले दिसतात. मूठभर अंग, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या रांगा, डोळे अजून निळसर. ‘बिबट्याचं पिल्लू!’ अशी ओरड होते. कोणी उचलते, कोणी फोटो काढते, कोणी वाटीत गाईचे दूध आणते. सगळ्यांची माया खरी असते. पण आई शेजारच्याच उसात दबून असते.

१४.
करायचे ते एवढेच. तोड तिथे थांबवायची. दूध द्यायचे नाही. वन विभागाला कळवायचे. पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, माणसे लांब जातात. बहुतेक वेळा आई रात्री येते आणि एकेकाला मानेला धरून नेते.

१५.
वन विभागाची टोल-फ्री हेल्पलाइन : १९२६. कारखान्याने ऊसतोडीची चिठ्ठी देताना तिच्यावर हा आकडा छापावा. टोळीच्या मुकादमाला तो पाठ असावा. आणि पिल्लांसाठी तोड थांबली तर त्या दिवसाची मजुरी कोयत्याच्या हिशेबातून कापली जाऊ नये. नाहीतर पुढच्या वेळी फोन कोण करील?